भिंत बंद होण्यापूर्वी

बाजारपेठेच्या गावात नवे घर बांधणाऱ्या कुटुंबात एक प्रसंग हमखास घडतो. पहिल्या मजल्याचा स्लॅब दोन दिवसांवर आलेला असतो. सळई बांधून झालेली असते. दिव्या-पंख्यांच्या नळ्या त्या सळईत अडकवता अडकवता वायरमन सहज फोन करून विचारतो, "शेठ, साउंडचे पाइप टाकायचे का?" शेठ त्या वेळी पेढीवर असतात आणि समोर गिऱ्हाईक बसलेले असते. "टाकून ठेव चार-पाच," एवढे बोलून फोन बंद होतो. पुढील पंचवीस वर्षे घरातील कोणत्या खोलीत काय ऐकू येईल आणि कोणत्या खोलीत काहीच ऐकू येणार नाही, याचा निर्णय अशा रीतीने अर्ध्या मिनिटात लागलेला असतो. मालाच्या एका खेपेच्या भाड्यासाठी जेथे तासभर घासाघीस चालते, त्याच घरात हे घडावे याचे नवल वाटते.

संपूर्ण घराची ध्वनी व चित्र व्यवस्था म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन, असा एक समज आहे. मूळ कल्पना मात्र साधी आहे. ध्वनिवर्धक यंत्र, म्हणजे अॅम्प्लिफायर, आणि त्याच्या सोबतीची उपकरणे घरातील एका कपाटात ठेवायची. तेथून प्रत्येक खोलीकडे तारा न्यायच्या. प्रत्येक खोलीतील माणसाने आपल्याला हवे ते, हव्या त्या आवाजात ऐकायचे. सकाळी सर्व घरात एकच स्तोत्र चालू शकते, तर दुपारी आजोबांच्या खोलीत प्रवचन आणि नातवाच्या खोलीत इंग्रजीचा पाठ. खोल्यांच्या अशा स्वतंत्र गटांना या व्यवसायात 'झोन' म्हणतात. झोन किती असावेत, हा प्रश्न खोल्या मोजून सुटत नाही. त्यासाठी घरातील माणसांचा दिवस कसा जातो, हे आधी पाहावे लागते. ही गोष्ट उपकरणे विकणाऱ्याच्या नकाशावर सहसा नसते.

ज्येष्ठांचे ऐकणे

एकत्र कुटुंबात टीव्हीच्या आवाजावरून जी धुसफूस चालते, तिच्या मुळाशी बहुधा घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे कमी झालेले ऐकणे असते. वाढत्या वयात कानाची शक्ती सर्व स्वरांना सारखी कमी होत नाही. प्रथम उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक पट्टीचे ध्वनी हरपतात. स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच ध्वनींवर अवलंबून असते. स्वर मात्र जाड पट्टीत असल्याने ते ऐकू येत राहतात. परिणामी, कोणी बोलते आहे हे आजोबांना कळते, पण काय बोलते आहे हे कळत नाही. मग रिमोटवरील आकडा वाढत जातो. आवाज वाढवला की व्यंजनांबरोबर स्वर आणि पार्श्वसंगीतही वाढते. शब्द तरीही स्पष्ट होत नाहीत, आणि शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणारी नात दार आपटून लावते. कोणाचीही चूक नसताना घरातील दोन माणसांत अंतर पडते.

आवाज मोठा करण्यापेक्षा तो जवळ आणणे, हा यावरील उपाय आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. चार मीटरवरील टीव्हीऐवजी एक मीटरवर लहान स्पीकर ठेवल्यास हिशेबाने १२ डेसिबलचा लाभ होतो. भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे बंद खोलीत हा लाभ काहीसा कमी भरतो, तरी तो पुष्कळ असतो. हाच लाभ दूरच्या स्पीकरमधून मिळवायचा तर अॅम्प्लिफायरला सुमारे सोळापट शक्ती द्यावी लागेल आणि ती सर्व घराला ऐकावी लागेल. म्हणून आजोबांच्या खुर्चीच्या पाठीशी किंवा पलंगाच्या उशाशी एक छोटा स्पीकर, त्याचा स्वतंत्र झोन आणि हाताशी गोल फिरवायचे एक साधे बटण, एवढी सोय नकाशात सर्वप्रथम असावी. मोबाइलवरील अॅप उघडून आवाज कमी करणे पंचाहत्तरीतील माणसाला जमेल, हे गृहीत धरू नये. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पोहोचवणारी जोडणीही मिळते. टीव्ही विकत घेण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांना किंवा श्रवणयंत्र देणाऱ्याला तिच्याविषयी विचारून घेतलेले बरे.

स्वयंपाकघराची गरज निराळी आहे. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथे हिवाळ्यात संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ अत्यंत धांदलीची असते. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे व्हावयाची असतात. चिमणी, मिक्सर, कुकर यांच्या आवाजात काही ऐकू यावे अशी इच्छा असेल तर स्पीकर ओट्याच्या वर, पण शेगडीपासून दूर हवा. वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर स्पीकरच्या पडद्याला फार दिवस सोसत नाही. येथे डावा-उजवा असा स्टीरिओ ध्वनी निरुपयोगी आहे. काम करणारी व्यक्ती ओट्यावरून फ्रिजकडे आणि फ्रिजकडून फडताळाकडे सतत फिरत असते. तिला दोन्ही बाजूंचा ध्वनी एकत्र केलेला एकच स्पीकर अधिक चांगला ऐकू येतो.

निःशब्द खोली

आवाजाची सोय करताना शांततेची सोय करणे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सामायिक ४८ मिनिटांचे असते. घरात दोन सुना आणि एक सासूबाई रोज वेगवेगळ्या वेळी सामायिक करत असतील, तर दिवसातील जवळजवळ अडीच तास घरातील एका खोलीला शांतता हवी असते. या खोलीत स्पीकर नसावा, हे उघड आहे. पण एवढ्याने भागत नाही, कारण जाड पट्टीचा ध्वनी भिंत ओलांडतो. दिवाणखान्यातील टीव्ही आणि विशेषतः दणदण करणारा सबवूफर ज्या भिंतीला लावतात, त्या भिंतीपलीकडे सामायिकाची किंवा देवघराची खोली येत असेल, तर नकाशातच टीव्हीची भिंत बदलावी. ते शक्य नसल्यास ती भिंत चार इंची विटेची न ठेवता नऊ इंची करावी. दार पोकळ पत्र्याचे वा हलक्या फळीचे न करता भरीव करावे आणि दाराखालील फट रबरी पट्टीने बुजवावी. गवंडी काम करत असताना हा खर्च अल्प असतो. गृहप्रवेशानंतर तोच खर्च फोडाफोडी, धूळ आणि पुन्हा रंगकाम यांसह करावा लागतो.

आणखी एक बाब तांत्रिक पुस्तकांत सापडणार नाही. साधू-साध्वी गोचरीसाठी घरी येतात तेव्हा त्या क्षणी विजेचे कोणतेही उपकरण चालू वा बंद करू नये, ही मर्यादा अनेक कुटुंबे कटाक्षाने पाळतात, कारण त्यात तेजस्काय जिवांची विराधना मानली जाते. आजच्या स्वयंचलित घरात मात्र माणूस दारात आला की दिवा आपोआप लागतो, बेल वाजली की संगीत आपोआप थांबते आणि पावले ओळखून पंखा सुरू होतो. गृहिणीने बटणाला हात लावला नाही तरी दोष टळत नाही. म्हणून प्रवेशद्वार, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर या तीन ठिकाणांची स्वयंचलित यंत्रणा एका साध्या भिंतीवरील स्विचने आधीच बंद करता यावी, अशी मागणी लेखी करावी. महाराजसाहेब गावात असताना सकाळीच तो स्विच बंद ठेवला की पुढे चिंता उरत नाही. हे काम अॅपमधील खुणेवर सोपवू नये. अॅप ऐन वेळी उघडत नाही, याचा अनुभव बहुतेकांना आहे.

तार, नळी आणि कपाट

आता भिंतीतील कामाकडे वळू. स्पीकरच्या तारेची जाडी हा अंदाजाचा विषय नाही. बहुतेक घरगुती स्पीकरांचा विद्युत अवरोध ८ ओहम असतो आणि तारेचा जाऊन-येऊन एकूण अवरोध त्याच्या ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत असावा, असा प्रघात आहे. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत प्रत्येक मीटरला सुमारे ०.०११५ ओहम अवरोध असतो. त्यामुळे ही तार सुमारे १७ मीटर अंतरापर्यंत पुरते. २.५ चौरस मिलिमीटरची तार सुमारे २९ मीटरपर्यंत चालते. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजून चालत नाही. तार कपाटातून वर चढते, छतातून वळते आणि पुन्हा खाली उतरते. नकाशावर दहा मीटर दिसणारी खोली तारेच्या हिशेबाने सोळा मीटरवर निघते. तार शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार बाजारात स्वस्त मिळते. तिचा अवरोध तांब्याहून बराच अधिक असतो आणि ती ठिसूळ असते. टोक खरवडून पाहिल्यास आतील पांढरा धातू दिसतो. सोन्या-चांदीची पारख करणाऱ्या घराने तारेच्या पारखीत फसावे, हे शोभणारे नाही.

एकाच अॅम्प्लिफायरला अधिकाधिक स्पीकर जोडत जाण्याचा मोह टाळावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अवरोध ४ ओहम होतो आणि चार जोडले की २ ओहम. घरगुती अॅम्प्लिफायर सहसा ४ ओहमपर्यंतच सुरक्षित असतात. त्याखाली गेल्यास ते तापतात, मध्येच बंद पडतात आणि एखाद्या समारंभात कायमचे जळतात. शाळा, उपाश्रय वा रेल्वे स्थानक येथे लांबच लांब तारेवर दहा-वीस स्पीकर चालतात, कारण तेथे १०० व्होल्टची निराळी पद्धत असते आणि प्रत्येक स्पीकरला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. ती पद्धत गच्चीवर आणि अंगणात वापरता येते. बैठकीच्या खोलीत तिची गरज नाही.

वॅटचे मोठमोठे आकडेही असेच दिशाभूल करणारे असतात. खोक्यावर 'पीएमपीओ' या नावाने छापलेला हजारांचा आकडा सर्वस्वी सोडून द्यावा आणि आरएमएस वॅट तेवढे विचारावेत. सामान्य स्पीकर एका वॅटला एक मीटरवर सुमारे ८८ डेसिबल ध्वनी देतो, आणि सामान्य संभाषणाची पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते. घरातील नित्याचे ऐकणे एका वॅटच्या आतबाहेर होते. उरलेली क्षमता क्षणिक उसळीसाठी राखून ठेवायची असते. दर खोलीस तीस-चाळीस वॅट मिळाले तर ते कोणत्याही कुटुंबाला पुरून उरतात.

स्पीकरच्या तारेबरोबर प्रत्येक खोलीत कॅट-६ जातीच्या संगणकीय तारा न्याव्यात. टीव्हीच्या जागी किमान दोन असाव्यात आणि प्रत्येक मजल्याच्या छताला एक, म्हणजे तेथे वाय-फायचे यंत्र बसवता येईल. ही तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, त्यामुळे घरातील अंतराचा प्रश्न येत नाही. विजेच्या तारांपासून ती निदान एक फूट दूर न्यावी आणि ओलांडावी लागल्यास काटकोनात ओलांडावी. दोन्ही तारा एकाच नळीत घालण्याची वायरमनची सवय गुरगुर ऐकवते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ती अयोग्य आहे. एचडीएमआय तार भिंतीत कायमची पुरू नये. तांब्याच्या साध्या एचडीएमआय तारेचा भरवसा ४के चित्रासाठी पाच-सात मीटरपर्यंतच असतो. त्याहून लांब जायचे तर प्रकाशतंतूची तार घ्यावी लागते आणि तिला दिशा असते. उगमाचे टोक चुकून टीव्हीकडे गेले तर चित्र दिसत नाही व तार उपसून पुन्हा ओढावी लागते. शिवाय या तारेचे टोक रुंद असल्याने २५ मिलिमीटरच्या नळीच्या वळणावर ते अडकते. टीव्हीमागील नळी म्हणून ४० मिलिमीटरची असावी, वळणे सौम्य असावीत आणि नळी निम्म्याहून अधिक भरू नये. प्रत्येक नळीत नायलॉनची एक रिकामी दोरी सोडून ठेवावी. दहा वर्षांनी आज नसलेली एखादी तार त्याच दोरीला बांधून आत ओढता येईल. सर्व भिंतीतील कामात स्वस्तात स्वस्त वस्तू हीच आहे, आणि नेमकी हीच विसरली जाते.

उपकरणांचे कपाट जिन्याखाली काढण्याची रीत आहे. ती वाईट नाही, पण कपाटाला हवा हवी. बंद कपाटात अॅम्प्लिफायर, राउटर आणि सीसीटीव्हीचे यंत्र एकत्र तापले की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. दाराला खाली व वर जाळी, साठ सेंटिमीटर खोली आणि मागून हात जाईल इतकी जागा असावी. कपाटासाठी स्वतंत्र सर्किट आणि नीट अर्थिंग घ्यावे. गच्चीवरील डिशची तार या कपाटात येत असेल, तर वीज कडाडताना तीच तार नुकसान आत आणते. तिलाही अर्थिंग व संरक्षक लावून घ्यावा. इन्व्हर्टर चौरस लहरीचा असल्यास स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर थोडा महाग पडतो, पण येथे त्यावर काटकसर करू नये.

चित्र आणि बिनतारी यंत्रणा

चित्राच्या बाबतीत मात्र केंद्रीय व्यवस्थेचा आग्रह आता धरू नये. एका सेट-टॉप बॉक्सचे चित्र चार टीव्हींवर वाटणारी महागडी 'मॅट्रिक्स' यंत्रे आजही कोटेशनमध्ये दिसतात. पूर्वी त्यांना अर्थ होता. आता प्रत्येक टीव्हीत स्वतःची अॅप्स असतात, आणि पर्युषणातील प्रवचनाचे थेट प्रक्षेपण असो वा दुकानातील कॅमेऱ्याचे चित्र, संगणकीय तारेवरून ते कोणत्याही पडद्यावर दिसते. ध्वनी केंद्रातून आणि चित्र जागच्या जागी, ही विभागणी बहुतेक घरांना पुरेशी आहे. पडद्याचा आकार बसण्याच्या अंतरावरून ठरवावा. ५५ इंची पडद्यासाठी सुमारे सात फूट आणि ६५ इंचीसाठी साडेआठ ते नऊ फूट अंतर डोळ्यांना सुखाचे असते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर यावा. शोभेसाठी तो पाच-सहा फुटांवर टांगला जातो आणि दोन तासांच्या प्रवचनानंतर मान धरते.

"आता सर्व वाय-फायवर चालते, तारा कशाला?" असे घरातील तरुण पिढी विचारते. प्रश्न रास्त आहे. भाड्याच्या किंवा आधीच बांधलेल्या घरात बिनतारी स्पीकर हाच उत्तम मार्ग होय. पण नऊ इंची विटेची भिंत आणि सळईचा स्लॅब ओलांडताना वाय-फायची शक्ती फार कमी होते, त्यामुळे बिनतारी यंत्रणेलाही प्रत्येक मजल्यावर तारेने जोडलेले यंत्र लागतेच. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर शेजारच्या खोल्यांत एकत्र लावले की आवाज थोडा मागेपुढे होतो. उघड्या दारातून तो दुहेरी ऐकू येतो आणि स्तोत्राचे शब्द एकमेकांत मिसळतात. एकत्र ऐकण्याच्या सर्व खोल्यांना म्हणून एकाच पद्धतीची यंत्रणा असावी.

परावलंबनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. या क्षेत्रातील अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या सोनोस या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की, आपल्या काही जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नवीन सुधारणा मिळणार नाहीत. मे २०२४ मध्ये तिने आपले अॅप नव्याने आणले, तेव्हा गजर आणि ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय यांसारख्या जुन्या सुविधा त्यात नव्हत्या. ग्राहकांचा असंतोष वाढला, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले. स्पीकर तेच होते, भिंत तीच होती. बदलले ते केवळ दूरदेशीचे सॉफ्टवेअर. घरातील साधा स्पीकर आणि तांब्याची तार यांना असे अद्ययावत करावे लागत नाही. तारेच्या शेवटी जोडलेली लहान पेटी कालबाह्य झाली तर तेवढी बदलता येते.

खर्चाचे खाते

या व्यवस्थेतील वस्तूंचे आयुष्य सारखे नसते. नळ्या व तारा पंचवीस वर्षे राहतात, चांगले स्पीकर पंधरा वर्षे, अॅम्प्लिफायर दहा, टीव्ही सात-आठ आणि संगीत आणून देणारी लहान पेटी चार-पाच, असा ढोबळ हिशेब धरावा. घराच्या कर्जात हा सर्व खर्च एकत्र घालण्याची सूचना आर्किटेक्टकडून येते, आणि हप्ता फारसा वाढत नाही म्हणून ती गोड वाटते. ८.५ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जात पाच लाख रुपये वाढवले, तर मासिक हप्ता सुमारे ४,३४० रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत त्या पाच लाखांचे सुमारे १० लाख ४१ हजार रुपये फेडले जातात. टीव्ही त्यापूर्वी दोनदा बदललेला असेल आणि पहिल्या टीव्हीचा हप्ता तरीही चालूच राहील. भिंतीत जाणारा भाग घराच्या खर्चात आणि भिंतीबाहेरील उपकरणे बचतीतून, तीही टप्प्याटप्प्याने, असे दोन भाग पाडलेले बरे. नळ्या सर्व खोल्यांत टाकाव्यात, पण उपकरणे पहिल्या वर्षी दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि आजोबांची खोली एवढ्यांसाठीच घ्यावीत. न्हाणीघर आणि गच्ची यांचा आग्रह वर्षभराने बहुधा आपोआप मावळतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरी तर ही मोजणी आधीच झालेली असते.

फर्मच्या नावाने बिल घेऊन जीएसटीची वजावट मिळवावी, हा विचार व्यापारी मनाला सुचतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवरील कराची वजावट मिळत नाही. राहत्या घरातील यंत्रणा फर्मच्या खात्यात दाखवल्यास पुढे व्याज आणि दंड यांना तोंड द्यावे लागते. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे कोटेशन हाती असल्यास ते नव्याने मागवावे. खाली दुकान आणि वर घर अशी रचना असेल तर दुकानातील स्पीकरचे काम आणि बिल पूर्णपणे वेगळे ठेवावे. दुकानात ग्राहकांसाठी ध्वनिमुद्रित संगीत वाजवणे हे कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे सार्वजनिक वादन ठरते आणि त्यास हक्कधारकांचा परवाना लागतो. घरासाठी घेतलेली संगीत अॅपची वर्गणी दुकानाला लागू होत नाही.

विजेचा एक लहान हिशेबही जोडण्यासारखा आहे. 'बंद' दिसणारी दहा उपकरणे प्रत्येकी ५ वॅट घेत असतील, तर वर्षाला ४३८ युनिट जळतात. युनिटला दहा रुपये धरल्यास ते ४,३८० रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण विनाकारण जळणारी वीज अनर्थदंडात मोडते, असे सांगणारे कोणीतरी घरात असतेच आणि त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. रात्री कपाटाची वीज एका टायमरने बंद करावी. राउटर आणि सीसीटीव्ही यांना मात्र वेगळ्या प्लगवर ठेवावे. अंगणातील स्पीकरबाबत ध्वनिप्रदूषण नियम, २००० लक्षात असावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

काम देताना रकमेचे टप्पे ठरवून निदान दहावा हिस्सा राखून ठेवावा. घरात राहायला जाऊन महिनाभर सर्व खोल्या वापरून पाहिल्यावर, आणि विशेषतः आजोबांनी स्वतःच्या हाताने आवाज कमी-जास्त करून दाखवल्यावर तो द्यावा. काही यंत्रणांची मांडणी केवळ विक्रेताच बदलू शकतो आणि तिची संगणकीय प्रत व पासवर्ड त्याच्याकडेच राहतात. विक्रेत्याने धंदा बदलला की घर मुके होते. ही प्रत आणि सर्व पासवर्ड अखेरच्या रकमेपूर्वी मालकाच्या हाती आले पाहिजेत. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी शेजारी धरून, छायाचित्र घ्यावे आणि त्यावर खोलीचे नाव व तारीख लिहावी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. ही छायाचित्रे, क्रमांकांची यादी, बिले आणि हमीपत्रे एका फायलीत घालून ती फाइल घराच्या खरेदीखताजवळ ठेवावी. पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तर आधी ती फाइल काढून पाहता येईल.